दोन ब्रेक

बावीस पानी संमतीपत्र, तेही मराठीत,
पण असलं मराठी की पानोपानी अडखळलो.
म्हटलं, मॅडम, जरा गॅरेजच्या भाषेत सांगा.

डॉक्टर खरवंडीकर हसल्या.
माझ्याच रिपोर्टच्या पाठीमागे एक गाडी काढली, वेडीवाकडी.
"तुमच्या रक्तातले शिपाई तयार आहेत,
या गाठीनं त्यांच्या गाडीचे ब्रेक दाबून धरलेत.
एक औषध पुढचा सोडवतं, दुसरं मागचा.
दोन्ही एकदम सुटले तर काय,
ते या आजारात अजून कुणालाच नीट माहीत नाही."

नाना पेठेत एकतीस वर्षं मी लायनर बदलले.
कात्रजचा घाट उतरून आलेल्या गाडीचा
जळका वास घेऊन सांगायचो, कुठलं चाक.
गाड्या थांबाव्यात म्हणून हात काळे केले,
आणि सही केली ती
दोन्ही ब्रेक काढायला.

लाखात एक म्हणतात, हा त्याहून विरळा.
अख्ख्या देशातून आम्ही अकरा जण.
मी शून्य-चार.
शून्य-सात चांदूरबाजारचा, रात्रीच्या गाडीनं यायचा.
नाव विचारू नये असा नियम नव्हता,
आम्हीच पाळला.
एकदा जवसाची चटणी दिली, डब्यासकट.

दर तिसऱ्या बुधवारी सलाइन.
नळीत बुडबुडा दिसतो का, मी बघत राहायचो,
ब्रेक ऑइलची लाइन ब्लीड करताना बघतात तसा.

तिसऱ्या खेपेनंतर अंगभर पुरळ, मग जुलाब.
शिपाई चोर सोडून
घरमालकालाच बडवायला लागले.
औषध बंद, महिनाभर स्टेरॉइड.
मंदाकिनी म्हणाली, सही करताना मला विचारलंत?
विचारलं नव्हतं.

बाराव्या आठवड्याचा स्कॅन:
चव्वेचाळीस मिलिमीटरची बत्तीस.
"याला आम्ही उतार म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "अजून."
त्या 'अजून'वर मी मंडईपर्यंत चालत गेलो.

पुढच्या बुधवारी शून्य-सातची खुर्ची रिकामी.
त्याच्या पुढच्याही.
नर्स म्हणाली, सांगता येत नाही हो काका.

डबा माझ्याकडेच आहे.
रिकामा परत करू नये, म्हणून साखर भरून ठेवलीय.
झाकणाला जुन्या ट्यूबचं रबर लावलंय,
मुंग्या फार झाल्यात.