बरोबर

साडेनऊचा सामना.
साडेनऊला किल्ला आलाच नाही.
मग शेजारचं कोर्ट गेलं, मग आपलं जाळं.
पंचांनी उंच खुर्चीवरून पलीकडची बेसलाइन शोधली,
खाली उतरून हातमोजे चढवले,
म्हणाले, अकराला बघू.

आपण दोघी एका ब्लँकेटमध्ये,
ओळख सोळा तासांची.
काल सहाला दहा मिनिटं कमी असताना
नोंदणीच्या टेबलाशी तू एकटी उभी होतीस, मीही.
माझ्या जोडीदारणीचा घोटा रायपूरला सुजून बसलेला,
तुझी कुठे, तर तू तळहाताचं विमान करून दाखवलंस.
यादीत घाईनं नावं लागली : पोतनीस / एर्गाशेवा.
मधल्या त्या तिरक्या रेघेवर
आपण दोघी कशाबशा टेकलेल्या.

इंग्रजी दोघींचंही उसनं,
दुसऱ्या वाक्यालाच नेटमध्ये जाणारं.
म्हणून तू बोट दाखवत गेलीस, मी नाव देत गेले.
हवा. तुझ्या ताश्कंदातही हवाच म्हणे.
मैदान. मैदान.
तयार? तयार.
माझ्या डब्यातल्या गाजराला तू सब्जी म्हणालीस.
मी म्हटलं, अगं, लश्करच्या बाजारात सब्जी म्हणजे सगळंच,
दुधी, वांगी, मेथी, सगळं.
तू ऐकून घेतलंस
आणि हट्टानं गाजरच उचललंस.

राहिला मधला चेंडू.
तू डावरी, उजवीकडे. मी उजवी, डावीकडे.
दोघींचे फोरहँड मधोमध येऊन भिडणारे.
हे कुठल्याच भाषेत धड मांडता येईना.
शेवटी खुणांनी ठरलं :
जी आधी ओरडेल तिचा.
रेल्वेच्या ऑफिसात नऊ वर्षं काढली मी,
तिथं हे मला एकदाही जमलेलं नाही.

सव्वाबाराला किल्ला परतला, तोही अर्धाच,
खाली डोंगर नसलेला.
समोर अहमदाबादच्या जुळ्या,
एकमेकींकडे न बघता जागा बदलणाऱ्या,
जन्माआधीपासून सराव असलेल्या.
पहिला सेट चोवीस मिनिटं.
प्रेक्षकांत माझा भाचा, एक माळी,
आणि दोरीवर वाळणारे टॉवेल.

दुसऱ्यात चार-चार, आणि चाळीस-चाळीस.
इथं पुढे काही नसतं, एकच गुण,
इकडे नाहीतर तिकडे.
सर्व्हिसला जाता जाता तू फलकाकडे रॅकेट केलीस,
म्हणालीस, बरोबर.

मला वाटलं, माझं काहीतरी बरोबर आलं म्हणतेस.
मग वाटलं, बरोबर, म्हणजे तू आहेस माझ्याबरोबर.
मग कळलं, तुमच्यात ते नुसतं समसमान.
चेंडू तू वर टाकलास तेव्हा
मी अजून त्या एका शब्दातच पळत होते,
आणि व्हॉली कुणी मारली
ते भाच्यानं नंतर सांगितलं. मीच.

सेट आपला.
दहापर्यंतच्या टायब्रेकात नऊ-दहा.
चेंडू आला, नेमका मधून, सावकाश,
लग्नाला उशिरा येणाऱ्या पाहुण्यासारखा.
माझा, मी ओरडले.
मेनिकी, तू ओरडलीस.
त्याच श्वासाला, एकाच आवाजात.
नियमानं आपण दोघीही चुकलो नाही.
रॅकेटवर रॅकेट आपटली
आणि चेंडू मागे कुंपणापर्यंत गेला, आरामात.

तू आधी हसलीस. मी थोडी उशिरा,
माझ्या फ्रेमला चीर गेली होती
आणि रजा दोन दिवस उरली होती.

संध्याकाळी हिशेब :
तारा ओढायचे पैसे, रिक्षा, चहा,
बक्षिसातून येतील ते थोडे, कर कापून.
तू तुझ्या भाषेत मोजलंस, मी माझ्या.
शंभराची एक नोट उरली, तिची गजक आणली.
रात्रीच्या गाडीनं तू दिल्लीला निघणार,
पुढच्या आठवड्यात रेघेपलीकडे दुसरंच नाव.
थंडीत गजक दगड झालेली.
रॅकेटच्या मुठीनं ठोकून फोडली.

तुकडे सारखे झाले नाहीत.
मोठा तू घेतलास,
न ओरडता.