आठ पायांची चिप

वडगावातले माग थांबले की
सातेरी चिपला चिमटा लावतो.
आठ पाय, नखाएवढी.
अकराव्यांदा नवं फर्मवेअर.
पडदा काळाच.

"काय करुलालास रे एवढ्या रात्री?"
"ह्याला उठायला शिकवुलालोय."

यादीत ह्या बोर्डाचं नाव नाही.
कंपनीनं कागद दिले नाहीत.
कुठली पिन कशाला, रॅम कशी जागी होते,
सगळं चाचपून, वहीत, पेन्सिलीनं;
एक पान चुकलेलं, तेही ठेवलंय.

पावणेपाचला सिरियलच्या तारेतून
एक अक्षर आलं.
मग अर्धी ओळ.
मग गप्प.

खालून कल्लव्वाक्का दुधासाठी ओरडली, कन्नडात.
त्यानं मराठीत ओ दिली,
भांडं खाली ठेवून आला,
आणि परत त्या अर्ध्या ओळीपाशी
बसला.