सत्यभामेची दुरुस्ती

दिवाळी अंकातली कथा तिच्या सुनेनं
वाचून दाखवली तिला, कोळंबच्या खाडीकाठी,
पडवीत, कालवं फोडता फोडता.
कथा माझी. बाई ती.
निदान मी तसं धरून चालले होते.

नाव तेवढं बदललेलं : सिंधू.
ती फिसकन हसली. "आमच्या जुन्या होडयेचां नाव तां."
कोयतीचं टोक फटीत, मनगटाला एक पीळ,
आतलं करडं, ओलं वाटीत,
की पुढचं.

सून शाळेतल्यासारखी वाचत होती :
सिंधू रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभी राहून
दर्याकडे बघत राही...
"थांब गो. कदी?
तिन्हीसांजेक माका भात रांधूचो आसता,
बर्फवाल्याचे पैसे देवचे आसतत.
दर्या बघूक कोणाक येळ?
दर्या बघतंस तां तू. इल्यापासून,
त्या दगडार बसान."

मी चष्मा पुसला. उगाच.

पुढे वादळ. होडी. तिचा नवरा.
त्यानंतर सिंधू तीन दिवस
अन्नाला शिवली नाही, असं लिहिलंय मी.
(या वाक्याचं एका पत्रात कौतुकही झालं होतं.)
कोयती थांबली.
"माका भूक लागलेली," ती म्हणाली.
"दुसऱ्याच दिसा. लाज वाटली, पण लागली.
न्हाणीच्या आड बसान जेवलंय,
पेज नि सुक्या बांगड्याचो तुकडो.
तां लिवलंस नाय."

तीन दिवस न जेवलेली मी होते.
कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावर.
कुणी बुडालं नव्हतं,
फक्त एकजण बॅग घेऊन जिना उतरला होता
आणि मी गॅलरीत उभी, समोर पार्किंग.
त्या पार्किंगच्या जागी
मी हिचा दर्या भरला.

"मानधन किती गावला?"
सांगितलं.
तिनं मनात हिशेब केला. "चार दिसांची कालवां."
आणि मग, शिंपल्या पायानं बाजूला सारत,
"परत लिवशीत तर माजां नाव घाल.
सत्यभामा. तांय सासरचांच म्हणा.
आवशीन ठेवलेलां येगळां."

"काय ते?"

खाडीचं पाणी मागे सरत होतं,
खुंटांना शेवाळाच्या ओल्या दाढ्या.
तिनं पदराला कोयती पुसली.
"तां कथेत जावचां नाय."

सुनेनं अंक मिटला.
माझ्या पुढ्यात वाटी सरकवायला
त्यांना खाली काहीतरी हवं होतं,
तो अंकच घेतला त्यांनी.