दहा नंबरचा पाना

अर्ज तीनदा लिहिला.
पहिल्यात 'देशसेवा' दोनदा आली, कुलथे सरांनी खोडली.
दुसऱ्यावर आईच्या बोटाची हळद.
तिसरा ओझरच्या गेटवर दिला.
"आत कोण आहे तुझं?" जवानाने विचारलं.
म्हटलं, कोणी नाही. विमानं आहेत.

ती वर्गावरून जायची तेव्हा
सर वाक्य मध्येच थांबवायचे,
खडू हवेत, आवाज ओसरेपर्यंत.
दहावीचा इतिहास मी असाच
तुकड्यातुकड्यांनी शिकले.

परीक्षा संपली, द्राक्षांचा खुडा उरकत आला,
तेव्हा पत्र आलं.
बारा दिवस. मोबाइल गेटवर जमा.
विमानाला हात लावायचा नाही.

मला मिळाला एक फळा,
त्यावर प्रत्येक पान्याची रंगवलेली सावली.
संध्याकाळी सगळ्या सावल्या झाकल्या
की सुट्टी.

नवव्या दिवशी, भर दुपारी,
दहा नंबरची सावली उघडी.
"तो सापडेपर्यंत हे उडणार नाही,"
कुट्टन साहेब एवढंच म्हणाले
आणि स्वतःच चाकाखाली वाकले.

सापडला माझ्याच खिशात,
पेनाशेजारी, अंगाच्या उबेने कोमट.

कोणी ओरडलं नाही.
वीस मिनिटं आभाळ थांबलं होतं
माझ्यामुळे.
तिकडे नववीच्या वर्गात
सरांचं एक वाक्य
पूर्ण झालं असेल.