सुपडू नेहेते, वय एकोणसत्तर

नाव विचारलं तर म्हणाले, सुपडू.
आधीची तिघं पाळण्यातच गेली,
म्हणून आईनं जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं
अन् परकं पोर उचलावं तसं घरात आणलं.
टाकून दिलेल्याला मरण कशाला नेईल?
मी ट्यूबवर लेबल चिकटवलं.
डावं फुप्फुस, वरचा भाग काढलेला,
फेब्रुवारीत, नाशिकला.

भुसावळ, जामनेर रोड. सकाळचे साडेसात,
आणि लॅबमधला कूलर आत्ताच कोरडा खडखडतोय.
त्यांनी बाही स्वतःच दुमडली.
बिडी? (विचारावं लागतं.)
"नाही. शेडमधे चार वर्षं वाफेची इंजिनं,
मंग यार्डात. चाकं वाजवायचो."

रात्री दोनला गाडी उभी राहिली की
हातोडी घेऊन एकेका डब्याखाली वाकायचं.
ठण्ण. ठण्ण. ठण्ण.
"अन् एखादं चाक ठस्स बोलायचं.
वरतून तडा दिसत नाही, वंगण पुसलं तरी नाही,
पन आवाज फुटका.
डबा तिथंच कापायचा.
झोपेतून उठलेले लोक शिव्या घालायचे, त्या खायच्या."

सुई गेली. रक्त उतरलं,
काळपट, कसलीच घाई नसलेलं.
मला जेवढं माहीत आहे तेवढं मी सांगितलं:
गाठ काढली तरी मागं राहिलेल्या पेशी
मरता मरता रक्तात चिठ्ठ्या टाकतात,
डीएनएचे तुकडे.
सापडल्या तर समजायचं, कुठंतरी अजून कुणीतरी लिहितंय.
हाडात, यकृतात, मेंदूत.
पत्ता बहुतेक वेळा लिहिलेला नसतो.

"म्हंजे हातोडीच."
हो.
"अन् वाजवनारी तू."
नाही हो, यंत्र पुण्याला आहे.
मी फक्त वाकते.

सेंट्रिफ्यूज घरघरून थांबलं.
खाली लाल बसलं, वर मुगाच्या वरणावरची निवळ.
ती तेवढी उचलायची, खालचं ढवळू न देता.
ते टक लावून बघत होते.
"पाखडलं म्हना की," म्हणाले, आणि मग हसून,
"जात्यातले रडतात, सुपातले हसतात.
आपलं तं नावच हे."

रिपोर्ट सतराव्या दिवशी आला.
त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं.
अगदी थोडे तुकडे, दशांश चिन्हानंतर दोन शून्यं,
आणि खाली बारीक अक्षरात: तीन महिन्यांनी पुन्हा.
मुलगा कागद उलटसुलट करत राहिला,
जणू मागच्या बाजूला खरं लिहिलं असेल.
त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.
"कळलं. गाडी सोडायची,
पन पुढच्या ठेसनाला सांगून ठेवायचं."

टेबलावर बामणोदच्या वांग्यांची पिशवी राहिली,
भरितासाठी, मला.
दारातून वळताना
त्यांनी सलाईनच्या स्टँडवर बोटाचं पेर वाजवलं,
मान तिरपी करून ऐकलं,
आणि काही न बोलता निघून गेले.

मीही नंतर वाजवून पाहिलं.
दोनदा.
मला त्यातलं काही कळत नाही.