टिकली

खानापूर स्टँडसमोर बाबालालमामांचं हॉटेल.
गल्ल्यात नोटा होत्या, चिल्लर नव्हती.
दोन रुपयांवरून रोज दोन भाषांत शिव्या.

मग मामांनी यल्लाप्पा कुंभाराकडून माती आणली,
चकत्या थापल्या, त्याच्याच भट्टीत भाजून घेतल्या.
एका अंगाला मामांचा अंगठा,
दुसऱ्या अंगाला दोनचा आकडा.
कुठल्या लिपीतला, ते विचारू नका.
आमचा दोन आणि कन्नडातला दोन एवढे सख्खे,
की शेपटी जरा वळवून ओढली
तर दोघांनाही आपलाच वाटतो.
पाट्यांवरून काचा फुटलेल्या या गावात
त्या आकड्यावर कुणी दगड मारला नाही.

आम्ही तिला टिकली म्हणायचो.
टिकली न्हाव्याकडे गेली, पिठाच्या गिरणीत गेली,
चर्चच्या दानपेटीतसुद्धा एक निघाली.
पास्कल फादर ती घेऊन चहाला आले
आणि मामा आठवडाभर ताठ चालले,
जणू गाव नव्हे, मुलूख त्यांच्या अंगठ्याखाली.

मी हिशेब लिहायचो.
वहीत एक रकाना होता : बाहेर किती.

त्या पावसाळ्यात अनमोडचा घाट खचला,
गोव्याच्या गाड्या थांबल्या, बाकडी रिकामी.
दूधवाल्या बसप्पाचं बिल मामांनी टिकल्यांत दिलं.
मग साखरवाल्याचं. मग विजेचं निम्मं,
वायरमनला गाठून.
"किती भाजूलालासा, मामा?"
"मातीला काय तोटा हाय रे?"
मी रकाना खोडला.

बसप्पाच आधी आला, पोतं घेऊन.
"एष्टु?" म्हणालो. तो बोलला नाही, ओतलं.
दुपारपर्यंत रांग रस्त्यावर.
मामा चहा देत राहिले, साखर संपली, बिनसाखरेचा दिला,
मग दुधाशिवायचा,
मग नुसतं गरम पाणी, तेही लोकांनी प्यायलं,
कारण हातातलं काहीतरी
कशात तरी बदलायलाच हवं होतं.

पुढे सुटे म्हणून गोळ्या द्यायला लागले,
चमकी कागदातल्या, दूरच्या कुठल्याशा कंपनीच्या.
गोळीवर कुणाला शंका नव्हती.
पण बेळगावची गाडी चुकली की गल्ला मुका,
उन्हात कागदाला चिकटायची,
आणि कंपनीनं गोळी लहान केली
तेव्हा मामांना कुणी विचारलं नाही.

पास्कल फादरांचा पुतण्या आफ्रिकेत बोअर मारतो.
त्यानं लिहिलंय : इथल्या सरकारनं
आपली नोट छापून छापून रद्दी केली,
आता परक्या नोटा चालतात, मळल्या की लोक धुतात,
दोरीवर वाळत घालतात.
सुट्ट्यांना गोळी देतात, काका. तीच आपली गोळी.

तुम्ही म्हणाल, मग बरं कुठलं?
मला विचारू नका.
पोत्यातल्या टिकल्या मोजल्या तेव्हा
वहीपेक्षा एकशे चाळीस जास्त निघाल्या.
मामांनी एकेक उलटून पाहिली, अंगठा लावून,
आणि माझ्याकडे न बघता
म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लिही, माझ्याच."

एक माझ्याकडे आहे.
परवा पाण्यात टाकली. चुरचुरली, बुडबुडे सोडले,
माती काळी पडून रेषा वर आल्या.
मी माझा अंगठा ठेवून पाहिला.
नीट बसतो.