साडेपाच तास मागे

पाचशेची डिस्क म्हणून घेतली होती,
उघडून बघितली तर चारशे पासष्ट.
उरलेली पस्तीस कुठे गेली, विचारलं,
तर अद्वय म्हणाला, आई, त्यांची मोजायची रीत वेगळी.
दौलतगंजात लठ्ठा मोजून देणाराही
हेच म्हणतो, गजाकडे न बघता.

मे महिना. लश्करात दुपारी दोनला
कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसतात.
कूलरच्या घरघरीत तो माझ्या कॉम्प्युटरपुढे बसला,
पेन ड्राइव्ह खोचला, म्हणाला,
तुझी विंडोज आहे तशीच राहील.
फक्त थोडी सरकेल.

सरकेल.
हा शब्द मी या घरात एकदा ऐकलाय.
तेव्हा सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ अंगणात उभे होते,
मोजणीवाल्याच्या हातात फीत होती,
आणि नळ कुणाच्या बाजूला जातोय
यावर सगळं अडलं होतं.
नळ शेवटी भिंतीतच राहिला,
तोंड त्यांच्याकडे, चावी आमच्याकडे.

इथे फीत नाही. स्क्रीनवर एक निळी पट्टी,
तिची कड माउसने धरून तो विचारतो, तुला किती?
मी म्हटलं, माझी तीन दुकानं आहेत टॅलीत,
सात-सात वर्षांचे हिशेब. एक चिठ्ठी हरवली
तर गुप्ताजी माझ्या दारात खाट टाकतील.
तीनशे तुला, म्हणाला. एकशेवीस मला.
पंचेचाळीस सामाईक, फोटोंसाठी.
वाटणी इतक्या हळू आवाजात होऊ शकते
हे मला माहीत नव्हतं.

बॅकअप घेतलास? घेतला.
दाखव. दाखवला.
परत दाखव.

पट्टी अडतीस टक्क्यांवर असताना लाइट गेली.
यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला.
त्याची बॅटरी सात मिनिटांची, तीही नवी असताना.
अद्वय काही बोलेना. कूलर थांबला तेव्हा कळलं
बाहेर किती शांत आहे, आणि आत डिस्क
किती कुरकुरतेय, भातात खडा लागल्यासारखी.
मी हात जोडले नाहीत.
पुठ्ठा घेतला आणि वारा घातला.
त्याला नव्हे, डब्याला.

चौथ्या मिनिटाला लाइट आली.

जुलैत तो नोकरीला कोइंबतूरला गेला.
त्याची एकशेवीस इथेच राहिली.
रोज सकाळी काळ्या पडद्यावर दोन ओळी उगवतात,
वरची त्याची, खालची माझी,
आणि दहापासून उलटी मोजणी सुरू होते.
खालचा बाण दाबायला उशीर झाला
की मी त्याच्याकडे जाऊन पडते.
तिथून माझं सगळं दिसतं:
गुप्ताजींची सात वर्षं, लोणच्याच्या प्रमाणाची फाइल,
विम्याचे हप्ते.
माझ्याकडून त्याचं काहीच दिसत नाही.
विंडोज म्हणते, इथे ओळखीचं काही नाही,
पुसून टाकू का?
नको, म्हणते मी.
ती दर वेळी विचारते.

आणि त्याच्याकडे जाऊन आलं
की माझ्याकडचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे पडतं.
परवा गुप्ताजी बिल हातात धरून म्हणाले,
भाभीजी, सुबह साढ़े चार बजे? आप सोती कब हैं?

फोनवर अद्वयने कारण सांगितलं:
दोघींना घड्याळ एकच, आत बसवलेलं.
एक त्यात ग्वाल्हेरची वेळ वाचते, दुसरी ग्रिनिचची.
कुणीच खोटं बोलत नाहीये, आई.
एक ओळ टाकलीस की मिटेल. सांगू?

मी कागद घेतला. ओळ लिहून घेतली,
टिंबं आणि आडव्या रेघांसकट, दोनदा वाचून दाखवली.
कागद यूपीएसखाली ठेवलाय.
अजून टाकलेली नाही.

घड्याळ बरोबर असेल त्या दिवशी
माझं बोट बाणावर वेळेत पडलेलं असतं.

काल नव्हतं पडलं.